तीन हातांची पट्टी

आमच्या गल्लीत तिला सगळे काठी म्हणतात. अंगाने वाळकी आहे म्हणून म्हणत असतील असं नव्या माणसाला वाटतं. वाळकी आहेच ती, पण नाव त्यामुळे पडलेलं नाही. ती खरोखरच काठीच्या जागी उभी असते, म्हणून काठी. मी शेजारची. कपडे शिवते. माझं मशीन ज्या खिडकीशी आहे ती बरोबर त्यांच्या अंगणावर उघडते, त्यामुळे तिचं आयुष्य बघायचं नाही म्हटलं तरी मला दिसतं. कोणी म्हणेल, काय बाई, हिला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय! म्हणा. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, आणि माझी खिडकी मला दुसरीकडे हलवता येत नाही.

तिचे वडील पाथरवट. मी त्यांना दादा म्हणते आणि ते मला वहिनी, कारण माझे यजमान आणि ते एकाच खाणीवर कामाला होते. माणूस हाताचा सोन्याचा आणि तोंडाचा फटकळ. दगडात अक्षरं कोरावीत तर त्यांनीच. पण त्यांचा जीव अडकला तो सावलीच्या घड्याळात. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी तसलं एक पाहिलं आणि घरी आले ते वेड घेऊनच. बायको गेली त्याच साली त्यांनी अंगण खणायला घेतलं. घरात बसून रडायच्या ऐवजी बाहेर जाऊन खणतोय, असं मी तेव्हा यजमानांना म्हटलं होतं.

आता हे घड्याळ कसं चालतं ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नेहमीच्या सूर्यघड्याळात एक तिरकी पट्टी असते, कायमची बसवलेली. दादांचं तसं नाही. अंगणात लांबट, अंड्यासारखा गोल आहे आणि त्या गोलावर तासांचे दगड बसवलेत. तो गोल त्यांनी दोन खिळे आणि एक दोरी एवढ्यावर आखला. गोलाच्या मधोमध उत्तर-दक्षिण अशी दगड जोडून केलेली एक पट्टी, तीन हात लांब. तिच्यावर महिन्यांच्या खुणा. एका टोकाला जून, दुसऱ्या टोकाला डिसेंबर, बाकीचे मधे. आणि काठी? काठी नाहीच. चालू महिन्याच्या खुणेवर आपणच सरळ उभं राहायचं, दोन्ही हात डोक्यावर जोडून, आणि आपली सावली गोलावरच्या ज्या दगडाकडे जाईल ती वेळ.

"दादा," मी तेव्हा विचारलं होतं, "एक खांब रोवून मोकळे व्हा की. माणसाला कशाला उन्हात उभं करायचं?"

"वहिनी, सूर्य बारा महिने एकाच वाटेने जातो का? उन्हाळ्यात वरून जातो, हिवाळ्यात खालून. तो सरकतो तशी काठीही सरकली पाहिजे. काठी एका जागी रोवली की घड्याळ खोटं बोलायला लागतं. मग ते खरं सांगणार फक्त दुपारी बाराला."

"बाराला कसं काय?"

"बाराला सूर्य बरोबर या पट्टीच्या रेषेत येतो. पट्टीवर कुठेही उभे राहा, सावली बाराच्याच दगडाकडे जाणार. पण सकाळ-संध्याकाळ जर वीतभर चुकलात, तर अर्धा-पाऊण तास बुडाला म्हणून समजा."

माझ्या भिंतीवरच्या घड्याळाशी ते जुळत नाही, अशी तक्रार मी केली. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांच्या आईबद्दल काही बोलले. म्हणाले, "तुमचं घड्याळ सगळ्या देशाला मिळून एक. हे या अंगणाचं. सूर्य या अंगणावर सगळ्यात उंच आला की इथे बारा. तुमचं घड्याळ कधी त्याच्या पुढे पळतं, कधी मागे रेंगाळतं. दोघांचं पटतं ते वर्षातून मोजक्याच दिवशी."

"म्हणजे आमच्यासारखंच," मी यजमानांकडे बघत म्हटलं, आणि ते दोघंही हसले. दादा हसायचे तेव्हा.

तर हे सगळं आखताना काठी म्हणून कोण उभं राहिलं? पोर. शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि पट्टीवर जायचं. दादा हातात ओळंबा धरून तिचं डोकं, खांदा, टाच एका रेषेत आणायचे. "हलू नको गं माझ्या राणी, तू हललीस तर वेळ हलेल," असं म्हणायचे. काय ऐट होती तिची! नाक वर, हात वर, डास चावला तरी हलायची नाही. आई नुकतीच गेलेली, बाप दिवसभर दगडाशी, आणि बापाला आपल्यावाचून अडतंय असं एक ठिकाण तिला सापडलं. एवढ्याशा पोरीला आणखी काय हवं असतं? मला कौतुक वाटायचं. खिडकीतून मीच टाळ्या वाजवायचे. आता आठवलं की वाटतं, त्यापेक्षा तिला बाहेर खेळायला हाकललं असतं तर बरं झालं असतं.

पुढे नगरपालिकेने तसंच घड्याळ बागेत बसवून घेतलं. दादांनी जीव ओतला. लोक यायचे, पट्टीवर उभे राहायचे, हात वर करून हसायचे. मग एक नवे साहेब बदलून आले. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, याचा खांब कुठाय? कोणालाच सांगता येईना. साहेबांची खात्रीच पटली, की खांब चोरीला गेला. लगेच लोखंडाचा नवा खांब आला, पट्टीच्या बरोबर मधे सिमेंटमध्ये पक्का झाला, आणि दगड खराब होऊ नयेत म्हणून भोवती कठडा घालून पाटी लावली: आत पाय ठेवू नये. घ्या! ज्या घड्याळाला माणसाचेच पाय लागतात, त्यावर ही पाटी.

दादा तडक कचेरीत गेले. साहेबांनी चहा पाजला, नीट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "पण घड्याळ म्हटल्यावर काटा नको का?" दादा घरी आले ते धुमसतच. आठवडाभर त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. "सूर्याला खोटं पाडता? मेल्यांनो, रोवून ठेवलेली काठी काय वेळ सांगणार!" खांब काही निघाला नाही. तो अजून तिथे आहे, आणि पोरं त्याला सायकली टेकवतात.

काठी मोठी झाली. बापाच्या हाताखाली छिन्नी धरायला शिकली. नावाच्या पाट्या ती अशी कोरायची की दगड आहे की लोणी, असा प्रश्न पडावा. दोन-तीन ठिकाणी लग्नाचं बोलणंही निघालं. एका मुलाकडची माणसं घरी आली तेव्हा दादांनी त्यांना अंगणात नेऊन घड्याळच दाखवलं, मुलीला पट्टीवर उभं केलं आणि तासभर समजावत बसले. ती माणसं पुन्हा आली नाहीत. "समजायला डोकं लागतं," दादा म्हणाले.

मग दादांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. त्यांची खाट खिडकीशी लावली, अंगण दिसेल अशी. त्या घरात भिंतीवरचं घड्याळ कधीच नव्हतं. औषध कधी, जेवण कधी, कूस कधी बदलायची, सगळं त्यांना सावलीवर हवं. म्हणून तास भरत आला असं त्यांना वाटलं की आतून हाक यायची, "उभी राहा गं!" आणि ही हातातलं काम टाकून बाहेर. पट्टीवर जायचं, हात डोक्यावर जोडायचे, दादा आतून डोळे बारीक करून बघायचे, "हं, दहाला थोडा वेळ आहे. ये." की ही परत आत.

एका तासात माणूस कुठे जाऊन येणार हो? बाजार होतो, तोही धावतपळत. मैत्रिणीच्या घरी बसणं नाही, कोणाच्या लग्नाला पूर्ण वेळ थांबणं नाही. बाहेर गेली की हिचा जीव मागे, आणि आत आली की छाती दाबल्यासारखी. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तसली गत. ढग आले की तिला सुट्टी. आभाळ भरून आलं की ती अंगणात येऊन तोंड वर करून बघायची आणि माझ्याकडे बघून हसायची. मी पण खिडकीतून ओरडायचे, "आज मजा आहे बाई एकीची!" तर आतून आवाज, "वहिनी, ढग फाटतोय पश्चिमेला."

आणि ती पट्टी. तीन हात! वर्षभर ती चालायची किती, तर जूनपासून डिसेंबरपर्यंत तीन हात खाली, आणि तिथून जूनपर्यंत तीन हात वर. मधले महिने पाय भराभर सरकायचे. टोकाला गेलं की आठवडेच्या आठवडे तीच खूण. प्रत्येक दगड वर्षातून दोनदा, जाताना एकदा आणि येताना एकदा. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, कोंबडीसुद्धा याहून लांब जाऊन येते." ती म्हणाली, "काकू, कोंबडीला कोणी वेळ विचारत नाही."

तर अशात एक दिवस एका शाळेच्या बाई आल्या. लांबच्या गावच्या, तिथल्या मुख्याध्यापिका. बागेतलं घड्याळ बघून त्यांना शंका आली, विचारत विचारत इथपर्यंत पोचल्या. काठीने त्यांना पट्टीवर उभं करून दाखवलं. बाईंनी स्वतःची सावली पाहिली आणि लहान मुलीसारख्या हरखल्या. त्यांच्या शाळेच्या मैदानात असंच घड्याळ हवं होतं. पण नुसतं घड्याळ नाही. मुलांना दगडकाम शिकवायला कायमची शिक्षिका हवी होती, आणि राहायला शाळेच्या आवारात एक खोली होती.

"खोलीला किल्ली आहे?" काठीने विचारलं. बाईंना वाटलं, सुरक्षित आहे का असं विचारतेय. मला कळलं ती काय विचारतेय.

आम्ही सगळं ठरवलं. दादांना दोन वेळचं जेवण मी देणार, औषधपाणी आणि उठबस करायला दिवसभराची एक बाई ठेवायची, काठी पंधरा दिवसांनी येऊन जाणार. दादा म्हणाले, "आणि उभं कोण राहणार?" त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. रंगाच्या रिकाम्या डब्यात मी सिमेंट कालवलं, मधे झाडूचा दांडा उभा केला, वाळवला. झाली काठी! उचलायची आणि महिन्याच्या खुणेवर ठेवायची.

"वाकडी आहे," दादा खाटेवरून म्हणाले. काठीने ओळंबा लावून दाखवला. दोरी आणि दांडा, केसाचा फरक नाही.

"डब्याचं बूड दगड झिजवेल."

मी खाली कापड शिवून लावलं.

"काठीला अक्कल नसते, वहिनी."

"म्हणूनच बरी," मी म्हटलं. "ती तुमचं ऐकून घेते तरी." मला वाटलं, जिंकले मी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मी विसरले.

जायचा दिवस ठरला. त्या गावाला दिवसातून एकच बस, सकाळी नऊची. त्याच दिवशी पोचायला हवं असं बाईंनी बजावलं होतं, कारण शाळेच्या समितीची सभा होती, आणि ती आली नाही तर समिती काम कंत्राटदाराला देणार होती. आदल्या दिवशी मी तिच्यासाठी दोन पोशाख शिवून दिले. तिने छिन्न्या पुसून पिशवीत भरल्या. एप्रिल संपत आला होता, आभाळ लख्ख.

सकाळी माझ्याकडे एक गिऱ्हाईक मापं द्यायला आलं होतं, बोलघेवडं. मी आत गुंतले. मोठ्या रस्त्यावरून बसचा हॉर्न ऐकू आला तेव्हा म्हटलं, चला, सुटली पोर. डोळे भरून आले माझे. खिडकीशी आले आणि बघते तर काय, ती पट्टीवर उभी! हात डोक्यावर जोडलेले, पिशवी पायरीवर, नवा पोशाख अंगात.

गळ्यात टेप तसाच घेऊन मी धावले. "अगं, बस गेली!"

"माहीत आहे," ती म्हणाली. हात खाली घेतले नाहीत.

तिच्या पायांकडे माझी नजर गेली. इतकी वर्षं बघून त्या खुणा मलाही पाठ झाल्यात. एप्रिलअखेरच्या दगडाचा कोपरा उडालेला आहे. तो कोपरा मोकळा होता. ती उभी होती त्याच्या वीतभर खाली, मार्चच्या बाजूला. त्या जागेवरून सावली खऱ्या वेळेच्या मागेच राहणार होती. निघायची वेळ उलटून चालली तरी आठसुद्धा वाजले नाहीत असंच दाखवणार होती.

"इथे कोणी उभं केलं तुला?"

आतून दादांचा आवाज आला, "खूण चुकली होती ती. मीच कोरली, मलाच ठाऊक. अजून वेळ आहे बसला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला न काढता मी आत शिरले. "दादा, खूण चुकली? आज चुकली? इतकी वर्षं ती खूण बरोबर होती आणि आज बसच्या दिवशी चुकली? माझ्याकडे बघून सांगा!" त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "त्या साहेबाच्या नावाने आठवडाभर गल्ली डोक्यावर घेतली होती ना? त्याने बिचाऱ्याने न कळून लोखंडाचा खांब रोवला. तुम्ही कळून सवरून पोटच्या पोरीचा रोवलात!"

दादांची डावी मूठ चादरीवर उघडत होती, मिटत होती. मला आणखी बोलायचं होतं, पुष्कळ. पण काठी आत आली आणि तिने माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

"काकू, त्यांना बोलू नका."

"का नको? फसवलं त्यांनी तुला!"

"मी फसले नाही. मला पहिल्या क्षणालाच कळलं. माझे पाय आहेत ते, मला कळणार नाही?"

"मग उतरली का नाहीस, कार्टे?"

ती ओट्याला टेकली. "आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले ते. 'खाली ये, अजून खाली ये' म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. मी उतरले असते तर त्यांना कळलं असतं, की मला कळलंय. मग त्यांनी तोंड कुठे लपवलं असतं? त्यांना तर उठून दुसऱ्या खोलीतही जाता येत नाही." मग म्हणाली, "बसचा हॉर्न झाला तेव्हा वाटलं, आता उतरावं, धावावं. पाय उचललेच नाहीत काकू. खरंच नाही उचलले."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. इथे तर तोंडही तिनेच दाबलं होतं. मी तिला पोटाशी धरलं. ती रडली नाही. मीच रडले आणि गिऱ्हाइकाचं माप विसरले.

दुपारी बाराला दादांनी हाक मारली नाही. तरी ती बाहेर गेली. बाराला कुठेही उभं राहा, सावली खरंच बोलते. ती बरोबर एप्रिलच्या खुणेवर उभी राहिली, सावली बाराच्या दगडाकडे गेली, आणि दादा खिडकीतून बघत होते हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं.

पुढचं लवकर सांगते. शाळेचं काम कंत्राटदाराला मिळालं. महिन्याभराने मुख्याध्यापिकाबाई पुन्हा आल्या, रडकुंडीला आलेल्या. कंत्राटदाराने दगड बसवले, महिन्यांची पट्टीही केली, आणि मग तिच्या मधोमध लोखंडी पाइप सिमेंट करून टाकला. उन्हाळी वर्गांची सकाळची प्रार्थना आणि घड्याळ यांत तासाचा फरक पडतो, मुलं हसतात. "येऊन दुरुस्त कराल का? शिक्षिकेची जागा अजून भरलेली नाही. खोलीही तशीच आहे. कधीही या, मी सांभाळून घेते."

दादा आतून ऐकत होते. "पाइप?" ते ओरडले. झटक्यानंतर मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. "पुन्हा पाइप? जा! जाऊन उपट तो! मुलांच्या शाळेत खोटं घड्याळ?" आणि एकदम त्यांचा आवाज बसला. काठीकडे बघत ते हळू म्हणाले, "जा गं. उद्या जा, परवा जा. मला नाही लागत वेळ. खाटेवर पडलेल्या माणसाला दहा काय नि अकरा काय. तू तासातासाला दिसावीस म्हणून हाका मारत होतो मी. दुसरं काही नव्हतं."

बाईंना काहीच कळलं नाही, त्या आपल्या पर्सचा बंद कुरवाळत उभ्या.

"वहिनी," दादा म्हणाले, "खाट फिरवा. मला अंगण दिसता कामा नये."

आम्ही दोघींनी खाट फिरवली. डोकं खिडकीकडे, तोंड भिंतीकडे. काठीने उशी सारखी केली, पांघरूण नीट केलं. मला वाटलं, संपलं. दार उघडं झालं. एवढा आनंद झाला मला की घरी येऊन मी तिच्यासाठी तिसरा पोशाख बेतला.

तो पोशाख अजून माझ्याकडेच आहे. सकाळ झाली की नऊची बस हॉर्न वाजवते आणि जाते. आता हाक येत नाही. दादा शब्दाचे पक्के, भिंतीकडे बघत पडून असतात, औषधाची वेळसुद्धा विचारत नाहीत. ठरवलेली दिवसभराची बाई यायला लागली, तिची सवयही झाली त्यांना. आणि तास भरत आला की काठी हात पुसत बाहेर येते आणि पट्टीवर उभी राहते. हात डोक्यावर जोडून, टाच, खांदा, डोकं एका रेषेत. बघायला कोणी नाही. मी आहे, पण मला कुठे वेळ हवी असते? माझ्या भिंतीवर घड्याळ आहे.

मी रोज सकाळी फाटक उघडून जाते आणि माझा तो सिमेंटचा डबा खुणेवर ठेवून येते. ती बाहेर येते, दोन्ही हातांनी डबा उचलते, भिंतीशी नेऊन ठेवते आणि त्याच खुणेवर स्वतः उभी राहते. माझ्यावर रागावत नाही. मीही तिला काही म्हणत नाही. असं आमचं रोजचं चाललंय.

जून लागला. आता ती पट्टीच्या वरच्या टोकाला आहे. इथून पुढे पट्टी नाही, काही आठवडे जागचं हलायचं नाही, मग पुन्हा मागे सरकायचं. टोकाच्या दगडापुढे साधी माती आहे, आणि तिच्यापुढे चार पावलांवर फाटक. परवा मला राहवलं नाही. हातातलं शिवण टाकून गेले आणि तिच्यासमोर, त्या मातीवर उभी राहिले.

"कोणासाठी उभी राहतेस गं आता? ते बघत नाहीत. बोलवत नाहीत. स्वतःच्या तोंडाने जा म्हणाले तुला."

तिची सावली सरकत होती. मग म्हणाली, "तेच ना काकू. आधी ते सोडत नव्हते, म्हणून मी इथे होते. आता कशासाठी आहे ते मला कळत नाही. इथून खाली पाय ठेवायचा म्हटलं की तो आपोआप खुणेवरच परत येतो. उतरून कुठे जाऊ?"

"बस आहे की!" मी जवळजवळ ओरडलेच.

"हो, बस आहे," ती म्हणाली, आणि हात आणखी ताठ करून उभी राहिली.

मोठ्या रस्त्यावर हॉर्न वाजला. मी फाटकाची कडी काढून ते पूर्ण उघडं टाकलं आणि घरी आले. उद्या सकाळी डबा पुन्हा खुणेवर ठेवणार आहे.